पोटभाडेकरूचे हिशोब

पैशाच्या हिशोबासाठी आपण एखादं ऑनलाइन ॲप वापरत असू, तर त्याला बाहेरच्या कुणी लिहिलेली आणखी छोटी ॲप्स जोडावीत का? आमच्या घरातल्या ज्येष्ठांचं यावरचं उत्तर ठरलेलं आहे. “एक परका माणूस घरात घेतलास तेवढं पुरे झालं. आता त्याच्या ओळखीचे आणखी चार कशाला?” यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण गेली काही वर्षं त्या ‘ओळखीच्या चौघांतला’ एक म्हणून मी स्वतःच वावरतोय. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी हिशोबाच्या ॲपवर बसणारी चिमुकली अवजारं लिहितोय. आणि हे करता करता माझं मत बरोब्बर उलटं होत गेलंय. बाहेरच्यांसाठी दारच न ठेवलेलं हिशोबाचं ॲप आता मला जास्त भीतीचं वाटतं. का, ते सांगतो.

हे वाचणाऱ्यांत निम्मे माझ्यासारखे कीबोर्ड बडवणारे आहेत आणि निम्मे माझे मामा-मावश्या. कीबोर्डवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. ‘यू नीड अ बजेट’ नावाचं एक अमेरिकन ॲप आहे, सगळे त्याला ‘वायनॅब’ म्हणतात. जेसी मेकम नावाच्या तरुणाने नवीन लग्न झाल्यावर घरखर्चासाठी एक स्प्रेडशीट केली, त्यातून २००४ साली हे सुरू झालं. कल्पना अगदी आपल्या आज्यांची आहे! पगार झाला की पाकिटं करायची: दूध, किराणा, शाळेची फी, गणपती, दुखणंखुपणं. आणि मग खर्च करायचा तो त्या त्या पाकिटातून. वायनॅबमध्ये पाकिटं कागदाची नसतात, एवढाच फरक. २०१५ च्या अखेरीस हे सगळं इंटरनेटवर गेलं, आणि जून २०१८ मध्ये कंपनीने आपलं ‘एपीआय’ सगळ्यांसाठी उघडलं. एपीआय म्हणजे काय, तर बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेली एक अधिकृत खिडकी. वापरणाऱ्याने परवानगी दिली, तर माझ्यासारख्याचा प्रोग्रॅम त्या खिडकीतून त्याची वही वाचू शकतो आणि तीत लिहू शकतो.

कंपनीने हे का करावं? कारण एकटी कंपनी सगळ्यांची सगळी कामं करू शकत नाही. वायनॅब अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपातल्या काही बँकांमधून व्यवहार आपोआप उचलतं. भारतातल्या बँकांमधून नाही. पुण्यात बसून वायनॅब वापरणारे आम्ही असे किती, आणि आमच्यासाठी ते लोक एवढा खटाटोप का करतील? मग उरतं काय? एक तर रोज रात्री जेवण झाल्यावर फोन हातात घेऊन दिवसभराचा खर्च टाईप करायचा, नाहीतर बँकेतून फाइल उतरवून ती वायनॅबला कळेल अशी करून द्यायची. माझं अवजार हे दुसरं काम करतं. बँकेची फाइल वाचतं, तिचा चेहरामोहरा ठीकठाक करतं आणि एपीआयच्या खिडकीतून आत सरकवतं. बस्स, एवढंच.

‘एवढंच’ म्हणालो खरं, पण पैशाच्या बाबतीत एवढंसं काहीच नसतं. दोन-तीन गमती सांगतो म्हणजे लक्षात येईल.

पहिली गंमत रकमेची. वायनॅबच्या एपीआयमध्ये रक्कम रुपये-पैशांत जात नाही, ‘मिलियुनिट’मध्ये जाते. म्हणजे रकमेला हजाराने गुणायचं आणि पूर्णांक पाठवायचा. २३५ रुपये ५० पैसे खर्च झाले तर पाठवायचे उणे २३५५००. शंभराने गुणून भागलं नसतं का? आपलं भागलं असतं. पण कुवेतच्या दिनाराचे हजार फिल्स होतात, तिथे दशांश चिन्हानंतर तीन आकडे लागतात. जपानच्या येनला तर एकही लागत नाही. हजाराने गुणलं की सगळ्यांची सोय होते. आणि मुळात पूर्णांक कशासाठी, तर संगणकाला अपूर्णांक द्विमान पद्धतीत धरावे लागतात. त्याला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगा, उत्तर नेमकं ०.३ येत नाही, कुठेतरी लांब सतराव्या घरात एक कपचा उरतो. हवामानाच्या तक्त्यात तो खपून जाईल. हिशोबात एका पैशाचा फरक आला, की तो शोधण्यात अख्खा रविवार जातो. ज्यांनी कधी कीर्द-खतावणी लिहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गंमत चहाची. सकाळी दहाला एक आणि दुपारी चारला एक, एकाच टपरीवर २० रुपयांचे दोन चहा झाले, दोन्ही वेळा यूपीआयने पैसे दिले. बँकेच्या फाइलीत दोन ओळी, तारीख तीच, रक्कम तीच, नाव तेच. आता माझ्या प्रोग्रॅमने काय समजायचं? दोन चहा, की एकच ओळ चुकून दोनदा आली? यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र बारा आकडी क्रमांक असतो, त्यावरून सहज कळलं असतं. पण माझ्या बँकेच्या फाइलीत वर्णनाचा रकाना अर्ध्यावर छाटलेला येतो, आणि क्रमांक नेमका छाटलेल्या भागात! वायनॅबने याला एक साधं उत्तर शोधलंय. प्रत्येक व्यवहाराला एक ओळखचिठ्ठी लावायची, तिच्यात रक्कम, तारीख आणि ‘त्या दिवशीचा असा कितवा’ हा आकडा. पहिल्या चहाला १, दुसऱ्याला २. उद्या मी तीच फाइल पुन्हा चढवली तरी १ आणि २ आधीच आत आहेत म्हणून नव्याने काही चढत नाही. तिसरा चहा झालेला असेल तर तेवढाच आत जातो. सकाळचा कुठला आणि दुपारचा कुठला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. किती झाले एवढं बरोबर राहिलं की पुरे.

तिसरी तारखेची, ती थोडक्यात. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे आणि अमेरिकेत ५ एप्रिल. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत ही चूक तोंडातून हूं की चूं न काढता घुसते, तेराव्या दिवशी प्रोग्रॅम आपटतो तेव्हा कळतं. म्हणून एपीआयमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा एकच क्रम चालतो.

हे एवढं रामायण सांगितलं ते एका कारणासाठी. ही कामं परक्या देशातली कंपनी माझ्या बँकेच्या छाटलेल्या रकान्यासाठी कधीच करणार नाही. ती करायला तोच रकाना रोज बघणारा माणूस लागतो. बाहेरच्यांना दार ठेवण्याचा पहिला फायदा हा. पण खरा मुद्दा पुढे आहे, आणि तो किल्लीचा आहे.

नाशिकच्या माझ्या आतेभावाला हे अवजार आवडलं. “दादा, मलाही दे,” म्हणाला. दिलं. दोन महिन्यांनी त्याचा फोन. “दादा, ती फाइल उतरवायचा फार कंटाळा येतो रे. मी तुला माझा नेटबँकिंगचा पासवर्डच देऊन ठेवतो ना. तूच तुझ्या प्रोग्रॅममधून घेत जा. तू काय परका आहेस का?”

मी नाही म्हटलं. त्याला थोडं लागलं, हे मला कळलं. घरातल्या माणसाने विश्वास टाकावा आणि आपण तो परत करावा, हे आपल्याकडे उद्धटपणाचं दिसतं. पण मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. पासवर्ड ही किल्ली नव्हे, तो सातबारा आहे. किल्ली दिली तर समोरचा घरात येऊ शकतो, पासवर्ड दिला तर तो ‘तू’च होतो. खातं बघणं, पैसे पाठवणं, पत्ता बदलणं, सगळं तुझ्या नावाने. शिवाय रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बघ. ग्राहकाने स्वतःच पासवर्ड वगैरे दुसऱ्याला सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. भाऊ असो नाहीतर जावई, नियमाला नातं कळत नाही.

गंमत म्हणजे जगातला हा सगळा धंदाच कितीतरी वर्षं पासवर्ड मागून चालला. अमेरिकेत २००७ साली ‘मिंट’ नावाची हिशोबाची साइट निघाली. बँकेचं नाव आणि पासवर्ड द्या, बाकी सगळं आमच्यावर सोडा, असा प्रकार. मागे एक यंत्र तुमच्या नावाने बँकेच्या साइटवर जाऊन पान वाचून यायचं. लोकांना ते प्रचंड आवडलं. दोन वर्षांत, २००९ मध्ये, इन्ट्यूट कंपनीने १७ कोटी डॉलरला मिंट विकत घेतलं.

मिंटच्या आधी, २००६ च्या नोव्हेंबरात, ‘वेसाबी’ सुरू झालं होतं. त्यांचं वागणं अगदी वेगळं. पासवर्ड आमच्याकडे देऊच नका, तुमच्याच संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम ठेवा, तो बँकेची माहिती आणून आम्हाला देईल, असा पर्याय त्यांनी दिला. ‘तुमची माहिती तुमची आहे, केव्हाही बाहेर न्या, केव्हाही पुसा’ अशा अर्थाची सनदच त्यांनी वापरणाऱ्यांना लिहून दिली होती. बाहेरच्या प्रोग्रॅमरांना एपीआयसुद्धा दिलं. माझ्यासारख्याला वाचूनच भरून यावं असा कारभार! आणि झालं काय? ३१ जुलै २०१० ला वेसाबी बंद पडलं. संस्थापकांपैकी मार्क हेडलंड यांनी नंतर एक सुंदर लेख लिहून हार का झाली ते प्रांजळपणे मांडलं. आम्ही लोकांना स्वतःच्या पैशाबद्दल विचार करायला लावत होतो, मिंटने त्यांना काहीच करायला लावलं नाही, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे माझ्या आतेभावाने मला फोनवर सांगितलं, तेच अमेरिकेतल्या लाखो लोकांनी वेसाबीला सांगितलं. कंटाळा येतो रे.

तर मिंट जिंकलं. पण पुढे? २३ मार्च २०२४ ला मिंटही बंद झालं. मालकांनी ‘आमच्या दुसऱ्या साइटवर या’ म्हणून सांगितलं, पण तिथे मिंटसारखं बजेट नव्हतं. दहा-पंधरा वर्षं ज्यांनी घरखर्चाची एक एक ओळ तिथे नीट वर्गवारी करून ठेवली होती, त्यांची धावपळ झाली. मिंटला बाहेरच्यांसाठी अधिकृत एपीआय कधीच नव्हतं. फाइल करून घेता येत होती म्हणून नोंदी तरी वाचल्या, पण आपली सगळी घडी दुसरीकडे जशीच्या तशी बसवून देणारं अवजार सरळ मार्गाने लिहायची सोय नव्हती. काही हौशी लोकांनी पासवर्ड वापरून पान वाचणारे प्रोग्रॅम लिहिले होते. साइटचा चेहरा बदलला की ते बंद पडायचे, मग पुन्हा दुरुस्ती.

इथे माझं मत उलटं झालं. आपण एपीआयकडे ‘परके आत येण्याचं दार’ म्हणून बघतो. पण त्याच दाराने आपल्याला आपली वही घेऊन बाहेरही पडता येतं. ज्या घराला मागचं दार नाही ते चोरापासून सुरक्षित असेल कदाचित, आगीपासून नाही. आणि ऑनलाइन धंद्यात चोरीइतकीच आगही ठरलेली. कंपनी विकली जाते, बंद होते, दर वाढवते, दिशा बदलते. पंचवीस वर्षांचे हिशोब अशा ठिकाणी ठेवायचे, तर बाहेरच्या चार प्रोग्रॅमरांचा तिथे रोज राबता असलेला बरा. त्यांचं येणं-जाणं चालू असलं की दार गंजत नाही.

मात्र अट एकच. दाराला टोकनची पद्धत हवी, पासवर्डची नको. वायनॅबमध्ये माझं अवजार वापरायचं म्हटलं की वापरणारा आधी वायनॅबच्याच पानावर जातो, तिथेच आपली ओळख पटवतो आणि ‘याला परवानगी’ म्हणतो. मला त्याचा पासवर्ड दिसतच नाही. मला मिळतं ते एक टोकन, जे दोन तासांत शिळं होतं आणि पुन्हा ताजं करून घ्यावं लागतं. नुसतं वाचायचं असेल तर नुसतं वाचण्यापुरतं टोकन मागता येतं. एका टोकनवर तासाला २०० पेक्षा जास्त वेळा खिडकी ठोठावता येत नाही. आणि नवं ॲप असेल, तर कंपनीने तपासेपर्यंत माझ्याखेरीज फक्त पंचवीस जणांना वापरता येतं. वापरणाऱ्याचं मन बदललं तर तो आपल्या सेटिंगमध्ये जाऊन माझी परवानगी काढून टाकतो, मला फोनसुद्धा करावा लागत नाही. अशी व्यवस्था असली की नात्यावर ताण येत नाही. आतेभावाने उद्या मला काढून टाकलं तरी आम्ही दिवाळीला एकत्र फराळ करू शकतो :)

आता आम्हा प्रोग्रॅमरांबद्दल. जुन्या वाड्यांमध्ये, चाळींमध्ये पोटभाडेकरू असायचे. मालक वेगळा, भाडेकरू वेगळा, आणि भाडेकरूच्या एका खोलीत पडदा लावून हा तिसरा. मालकाशी याचा करार नाही, मालकाने भाडेकरूला काढलं की हाही रस्त्यावर. दुसऱ्याच्या ॲपवर ॲप लिहिणारा हा असा पोटभाडेकरू असतो. भारतातच बघा. बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची यादी करून देणारी ॲप्स आपल्याकडे खूप चालली, कारण आपल्या बँका व्यवहारांचे एसएमएस पाठवतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने जाहीर केलं की यापुढे ॲप्सना एसएमएस सरसकट वाचता येणार नाहीत. कारण योग्यच होतं, लोकांचे खाजगी निरोप भलतेच वाचत होते. पण ज्यांचा सगळा संसार त्या एका परवानगीवर उभा होता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे हिशोबाच्या ॲप्सना अटी घालून सवलत मिळाली, तरी धडा मिळायचा तो मिळाला. अमेरिकेत २०२५ साली जेपी मॉर्गन चेस या बलाढ्य बँकेने ग्राहकांची माहिती नेणाऱ्या मधल्या कंपन्यांना सांगितलं, की यापुढे फुकट नाही, पैसे मोजा. ग्राहकाला स्वतःची माहिती विनामूल्य नेण्याचा हक्क देणारा नियम तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये पक्का केला होता, पण २०२५ मध्ये त्याचाच फेरविचार करायचं ठरलं. एका मालकाने भाडं वाढवलं की पोटभाडेकरूपर्यंत झळ पोचतेच.

म्हणून पोटभाडेकरूने पोटभाडेकरूसारखं राहावं, असं माझं मत आहे. सामान कमी ठेवावं. माझ्याकडे सर्व्हर नाही. अवजार वापरणाऱ्याच्याच संगणकावर चालतं, फाइल तिथेच वाचली जाते आणि थेट वायनॅबकडे जाते. कुणी किती किराणा घेतला, कुणाचा हप्ता थकला, हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. मित्र सांगतात, “अरे, जरा माहिती साठव, त्यावर काहीतरी करता येईल.” नेमकं तेच नकोय. खर्चाची यादी म्हणजे माणसाचं अंतरंग असतं. कुठल्या डॉक्टरकडे किती वेळा गेला, कुणाला दरमहा पैसे पाठवतो, दारूच्या दुकानात किती गेले, वकिलाला किती दिले. घरातल्या घरात ज्या गोष्टी बोलल्या जात नाहीत त्या या यादीत सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या असतात. आणि साठवलेल्या गोष्टीला कधी ना कधी गिऱ्हाईक येतंच. एसएमएस वाचून खर्च मांडणारं वॉलनट हे आपल्याकडचं गाजलेलं ॲप २०१८ साली कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतलं. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण खर्चाची वही लिहायला दिली एकाला आणि ती जाऊन बसली सावकाराच्या पेढीवर, हा प्रवास कसा सहज होतो ते यातून कळतं. जे साठवलंच नाही ते विकताही येत नाही आणि चोरीलाही जात नाही. मोठ्यांचे पगारी सुरक्षातज्ज्ञ असतात, माझ्याकडे एक मी आणि एक रविवार. मग मी दुसऱ्याचं सोनं घरात ठेवावंच कशाला?

याबाबतीत आपल्या देशात एक खरोखर चांगली गोष्ट झालेली आहे, तीही सांगायला हवी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाच्या कंपन्यांसाठी नियम काढले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. बँकेकडून माहिती नेणारा हा मधला माणूस, पण पाकीट बंद. त्याने ते उघडायचं नाही, स्वतःकडे ठेवायचंही नाही. ग्राहकाच्या संमतीत स्पष्ट लिहिलेलं असतं, की कुठली माहिती, कशासाठी, किती काळासाठी, किती वेळा. संमती मागेही घेता येते. पासवर्डचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत जे इतकी वर्षं न्यायालयात आणि वाटाघाटीत अडकून राहिलं, ते आपण नियमात बसवलं, याचा मला अभिमान वाटतो.

पण… (हा ‘पण’ येणारच होता.) या व्यवस्थेत माहिती घेणारा हा रिझर्व्ह बँक, सेबी, विमा किंवा पेन्शन नियामक यांपैकी कुणाच्या तरी देखरेखीखालची संस्था असावा लागतो. म्हणजे बँका, कर्ज देणाऱ्या कंपन्या, शेअर दलाल, विमा कंपन्या. मी नाही. उद्या माझी बँक एका क्लिकमध्ये माझी संपूर्ण माहिती कर्ज देणाऱ्या कंपनीला स्वच्छ, यंत्राला वाचता येईल अशी देईल, आणि मला स्वतःला मात्र तीच माहिती पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये, छाटलेल्या रकान्यासकट मिळेल. माझीच माहिती माझ्यापेक्षा सावकाराला नीट मिळते, हे कुठलं न्यायाचं?

हौशी प्रोग्रॅमरांना दारं सताड उघडा, असं मी म्हणत नाही. नियामकाची भीती रास्त आहे, आणि आमच्यात लुच्चे नाहीत असंही नाही. माझं मागणं साधं आहे. खातेदाराला स्वतःच्या माहितीचा घेणारा होऊ द्या. माझ्या संमतीने माझी माहिती माझ्या संगणकावर त्याच स्वच्छ रूपात येऊ द्या. पुढे तिचं काय करायचं, कुठलं अवजार लावायचं, हे मी ठरवीन. पोटभाडेकरूला घर नको, पण ज्याची वही आहे त्याला तरी ती धड वाचता आली पाहिजे.

ज्येष्ठांच्या आक्षेपाला मी बगल देतोय असं वाटू नये म्हणून हेही लिहितो. जोडलेल्या प्रत्येक ॲपबरोबर धोका थोडा वाढतोच. टोकन कितीही चांगलं असलं तरी परवानगी देणारा माणूस न वाचता ‘हो’ दाबतो, आणि एकदा दिलेल्या परवानग्यांची यादी बहुतेक जण पुन्हा उघडून बघत नाहीत. त्यामुळे मामा-मावश्यांसाठी चार ओळी. बँकेचा पासवर्ड मागणारं ॲप, ते कुणाचंही असो, अगदी माझंही, लगेच काढून टाका. कुठल्याही ॲपमध्ये पहिला खर्च लिहिण्याआधी, सगळे हिशोब फाइलीत बाहेर कसे काढायचे ते शोधा आणि एकदा काढून बघा. ते जमलं नाही तर दुसरा खर्च लिहू नका. ॲप फुकट असेल तर ते कशावर जगतं हे विचारा. आणि दर दिवाळीला घर झाडतो तशी जोडलेल्या ॲप्सची यादीही एकदा झाडा.

आतेभाऊ अजून दर महिन्याला फाइल उतरवतो आणि अजून कुरकुरतो. “दादा, तुझं ॲप चांगलं आहे, पण कंटाळवाणं आहे.” मी म्हणतो, असू दे. पैशाच्या कामात एवढा कंटाळा परवडतो. असो. तुमच्यापैकी कुणी असं काही लिहीत असाल, किंवा तुमच्या बँकेच्या फाइलीतला रकाना पूर्ण येत असेल, तर जरूर कळवा. विशेषतः दुसरं. मी बँक बदलायच्या विचारात आहे!